स्थानक सर्वांचे, परवानगी गावाची

सार्वजनिक पैशाने रेल्वे बांधावयाची, परंतु स्थानकाभोवती किती लोकांनी राहावयाचे हे ज्या-त्या गावाने ठरवावयाचे, ही व्यवस्था वरवर पाहता लोकशाहीला धरूनच वाटते. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरात तिचा जो अनुभव आला, तो मात्र विचार करावयास लावणारा आहे.

नऊ जिल्हे आणि १०१ नगरे मिळून हा प्रदेश बनला आहे. ‘बार्ट’ ही विजेवर चालणारी रेल्वे तेथे १९७२ साली सुरू झाली. परंतु अनेक उपनगरांत स्थानकाभोवती वस्ती उभी राहण्याऐवजी मोटारी ठेवण्याची विस्तीर्ण मैदाने पसरली. नोकऱ्या वाढल्या, त्या मानाने घरे वाढली नाहीत. बेताच्या पगाराच्या माणसाला डोंगरापलीकडील ट्रेसी किंवा स्टॉक्टन गाठावे लागले. स्टॉक्टनहून सॅन होजेला १९९८ पासून धावणाऱ्या आगगाडीला हे अंतर कापण्यास दोन तासांहून अधिक वेळ लागतो. घराच्या किमतीत जे वाचते त्याचा काही भाग असा आयुष्याच्या तासांनी चुकता करावा लागतो.

यावर उपाय म्हणून प्रादेशिक संस्थांनी २००७ साली ‘प्राधान्य विकास क्षेत्रां’ची योजना आणली. क्षेत्र आधीच वसलेल्या भागात असावे, रेल्वेच्या वा वारंवार सुटणाऱ्या बसच्या जवळ असावे आणि तेथे अधिक घरे बांधण्याची नगराची तयारी असावी, अशा तिच्या मुख्य अटी होत्या. नगरपरिषदेने ठराव करून अर्ज करावयाचा आणि प्रादेशिक संस्थेने मान्यता द्यावयाची. सक्ती कोणतीही नव्हती, आमिष मात्र होते. वाहतूक अनुदानाच्या एका योजनेत २०१२ पासून मोठ्या पाच जिल्ह्यांनी आपल्या वाट्याच्या किमान ७० टक्के रक्कम अशा क्षेत्रांच्या उपयोगी पडेल अशा रीतीने खर्च करावी असे ठरले. पुढे २०१३ च्या प्रादेशिक आराखड्याने नव्या घरांपैकी सुमारे ८० टक्के घरे याच क्षेत्रांत होतील असे गृहीत धरले. या क्षेत्रांनी प्रदेशाची पाच टक्क्यांहूनही कमी भूमी व्यापली होती.

एवढा भार स्वेच्छेवर टाकला गेला, आणि नेमकी तेथेच योजना लंगडी पडली. ऑकलंड आणि सॅन होजे यांसारखी वाढ हवी असलेली नगरे पुढे आली. ऑकलंडच्या फ्रूटव्हेल स्थानकाजवळ तर, मोटारींच्या बहुमजली तळाऐवजी घरे, दवाखाना आणि वाचनालय व्हावे असा आग्रह रहिवाशांनी आधीच धरला होता व २००४ साली ते काम उभेही राहिले होते. परंतु ज्यांच्या दारी स्थानक आहे अशा कित्येक सुखवस्तू उपनगरांनी पात्र भूमीपैकी थोडीच सुचविली.

याला केवळ संकुचित वृत्ती म्हणून भागणार नाही; त्यामागे हिशेब आहे. कॅलिफोर्नियात १९७८ च्या सार्वमताने मालमत्ता कराचा मूळ दर एक टक्क्यावर बांधून टाकला आणि मालकी बदलेपर्यंत करपात्र मूल्यही वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढू नये असे ठरविले. विक्रीकराचा वाटा मात्र नगराच्या तिजोरीत पडतो. साहजिकच दुकान म्हणजे उत्पन्न, आणि घर म्हणजे शाळा, पाणी, पोलीस यांचा खर्च, अशी दृष्टी बळावते. घरांचा लाभ साऱ्या प्रदेशाला आणि ओझे एका नगराला, असे असेल तर अर्ज न करणे हाच त्या नगरापुरता शहाणपणा ठरतो. शिवाय ज्याला तेथे राहावयाचे आहे तो अजून तेथील मतदार झालेलाच नसतो.

प्रादेशिक संस्थांनीही अखेर हे ओळखले. पात्र भूमीपैकी निम्म्याहून कमी भाग सुचविणाऱ्या नगरांतील स्थानकांजवळचे भाग २०२१ च्या आराखड्यात अर्जावाचूनच वाढीसाठी धरले गेले. त्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्याने कायदा करून प्रमुख स्थानकांच्या अगदी निकट नऊ मजल्यांपर्यंतच्या निवासी इमारतींचा मार्ग मोकळा केला. विनंतीची जागा अशी आज्ञेने घेतली.

तथापि केवळ आज्ञेने प्रश्न सुटेल असेही नाही. भारतात २०१७ च्या राष्ट्रीय धोरणाने स्थानकांभोवती ५०० ते ८०० मीटरच्या पट्ट्यात दाट वस्तीचा पुरस्कार केला आहे. म्हणजे येथे पुढाकार वरूनच आलेला आहे. परंतु वाढीव चटईक्षेत्र दिले म्हणजे त्यात कारकुनाला वा शिक्षकाला परवडेल असे घर निघतेच, असे मुळीच नाही. नव्या रहिवाशांचा खर्च कोणी सोसावयाचा आणि स्थानकामुळे वाढलेल्या जमिनीच्या किमतीतून समाजाला काय परत मिळावयाचे, ही दोन उत्तरे आधी द्यावी लागतील. तोवर नकाशावर क्षेत्रे आखली जातील, आणि ज्याच्यासाठी ती आखली तो पहाटेची गाडीच पकडीत राहील.