डेटाबेस घडवताना नवखे आणि सराईत वापरकर्ते: बागप्रेमी मंडळाचे उदाहरण

डेटाबेसच्या पाठांत 'वापरकर्ता' हा शब्द आपण एकवचनी वापरतो. प्रत्यक्षात वापरकर्ते एका प्रकारचे नसतात. या पाठात आपण एक छोटे, कल्पित उदाहरण घेऊ. शहरातील एक बागप्रेमी मंडळ आहे. त्याचे सुमारे 120 सभासद, त्यांच्याकडची 600 रोपे, बियांची देवाणघेवाण आणि वर्षातून एकदा भरणारे पुष्पप्रदर्शन. नोंदी आजवर वह्यांत होत्या. त्या लिहिणाऱ्या काकूंना संगणकाची ओळख मोबाइलपुरतीच आहे. एक तरुण सभासद मात्र सॉफ्टवेअरचेच काम करतो. साहजिकच डेटाबेस बनवण्याचे काम त्याच्याकडे येते.

गफलत इथेच सुरू होते. काकू संगणकाच्या बाबतीत नवख्या असल्या, तरी ज्या विषयाचा डेटाबेस बनायचा आहे त्या विषयातल्या त्या तज्ज्ञ आहेत. एसक्यूएल सराईतपणे लिहिणारा तरुण त्या विषयात नवखा आहे.

समजा, त्याने 'रोप' या तक्त्यात 'नाव' हा एकच रकाना ठेवला आणि एकच नाव दोनदा येऊ नये म्हणून त्यावर युनिक बंधन घातले. काकूंनी 'चाफा' भरला. दुसऱ्या रोपासाठी पुन्हा 'चाफा' भरला, तर फॉर्मने तो नाकारला. काकूंना वाटले, आपलेच काहीतरी चुकले. (नवखे वापरकर्ते बहुतेक वेळा असेच समजतात आणि गप्प बसतात.) चूक आराखड्याची होती. सोनचाफा मॅग्नोलिया प्रजातीतला, देवचाफा प्लुमेरिया, हिरवा चाफा आर्टाबोट्रिस, नागचाफा मेसुआ. भुईचाफा तर हळदीच्या कुळातला. एका नावाखाली इतक्या वेगवेगळ्या वनस्पती येतात. उलट एकाच सोनचाफ्याला हिंदीत चंपा, कन्नडमध्ये संपिगे आणि तमिळमध्ये शेंबगम म्हणतात. मग शास्त्रीय नावच प्रायमरी की करावे का? तेही टिकाऊ नाही. हाच सोनचाफा पूर्वी मिशेलिया चंपाका होता, आता मॅग्नोलिया चंपाका आहे.

म्हणून तीन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. 'जाती' या तक्त्यात प्रत्येक वनस्पतीला केवळ एक क्रमांक. 'नावे' या तक्त्यात नाव, त्याची भाषा आणि जातीचा क्रमांक. इथे एकच नाव अनेक जातींपुढे येऊ शकते. 'रोप' या तक्त्यात कुंडीतले प्रत्यक्ष झाड, त्याचा मालक आणि फॉरेन की म्हणून जातीचा क्रमांक. फॉर्ममध्ये काकू 'चाफा' लिहितील आणि समोर फोटोंसह पर्याय येतील. क्रमांक त्यांना दिसण्याचीही गरज नाही.

तारखेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. वहीत लिहिले आहे, 'मृगाच्या पावसात लावले'. फॉर्म दिवस, महिना, वर्ष असे सगळे मागतो आणि रकाना रिकामा सोडू देत नाही. काकू नाइलाजाने 1 जानेवारी भरतात. आता डेटाबेसमध्ये नीटनेटकी, पण खोटी माहिती आहे. पुढे कुणी 'कोणत्या महिन्यात लावलेल्या फांद्या जास्त जगल्या?' असे विचारले, तर उत्तर आत्मविश्वासाने चुकीचे येईल आणि मूळ वही तोवर रद्दीत गेलेली असेल. इथे 'लवकरात लवकर' आणि 'उशिरात उशिरा' असे तारखेचे दोन रकाने ठेवावेत. मृगासाठी साधारण 7 जूनपासूनचे दोन आठवडे होतात. शिवाय वहीतले मूळ शब्द जसेच्या तसे तिसऱ्या रकान्यात ठेवावेत.

या गोष्टी बैठकीत कळत नाहीत. बैठकीत सराईत माणूस बोलतो आणि बाकीचे मान डोलावतात. त्यापेक्षा कागदावर फॉर्म काढा, वहीची दहा पाने घ्या आणि काकूंना ती भरू द्या. पुढे पडद्यावर तेच करताना त्यांच्या शेजारी बसा, पण माउसला हात लावू नका. त्यांचा हात जिथे थांबतो, ती जागा टिपून ठेवा.

नवख्यांचा विचार या क्षेत्राला नवा नाही. 1970 च्या दशकात आयबीएममध्ये मोशे झ्लूफ यांनी 'क्वेरी बाय एक्झाम्पल' ही पद्धत मांडली, ती प्रोग्रामर नसलेल्यांसाठीच. रिकाम्या तक्त्यात हव्या त्या उत्तराचा नमुना भरायचा. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये प्रश्न तयार करण्याची चौकट याच कल्पनेतून आली.

आता सराईतांकडे वळू. प्रत्येक नोंदीला पाच पायऱ्यांचा फॉर्म भरायला लावला, तर ते कंटाळतील आणि स्वतःची वेगळी एक्सेल फाइल सुरू करतील. त्यांना सीएसव्ही फाइल एकदम चढवण्याची सोय आणि कळफलकाचे शॉर्टकट द्यावेत. पण मोकळे रान देऊ नये. 'अपडेट' आदेशात 'व्हेअर' ही अट राहून गेली, तर एका क्षणात सहाशेच्या सहाशे रोपे एकाच मालकाची होतात! अशी चूक नवखा करूच शकत नाही, कारण त्याचा फॉर्म त्याला एका नोंदीपलीकडे जाऊ देत नाही. म्हणून वाचनासाठी व्ह्यू द्यावेत, बदलाचे अधिकार 'ग्रँट'ने मोजकेच द्यावेत, मोठे बदल ट्रान्झॅक्शनमध्ये करावेत म्हणजे 'रोलबॅक' करता येते, आणि बॅकअप घेण्याचे काम एकट्या तरुणावर सोडू नये. त्याची दुसऱ्या शहरात बदली होऊ शकते.

स्वाध्याय: तुमच्या घरातील किंवा गल्लीतील, संगणक न वापरणाऱ्या एखाद्या व्यक्तीची हाताने लिहिलेली वही मागून घ्या. हिशेब, बी-बियाणे, औषधे, काहीही चालेल. तिच्यासाठी तक्ते आखा आणि वहीतील ज्या नोंदी तुमच्या रकान्यांत बसल्या नाहीत, त्यांची यादी करून त्या व्यक्तीसमोर वाचा.