कोळशात कोंडलेला वायू

१९५८ च्या फेब्रुवारीत बंगालमधील चिनाकुरी येथे कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन सुमारे पावणेदोनशे माणसे प्राणास मुकली. असे अनर्थ ज्या मिथेन वायूमुळे ओढवतात त्याला ना रंग, ना वास. हवेत त्याचे प्रमाण शेकडा पाच ते पंधरा यांच्या दरम्यान आले की एक ठिणगी पुरते. पूर्वीचे खाणकामगार दिव्याच्या ज्योतीवर चढणारी निळसर टोपी पाहून त्याची चाहूल घेत. पण ती चाहूल लागे ती वायू बाहेर पडल्यावर. थराला हात लावण्यापूर्वीच तो किती निघेल हे कळले, तर वारा खेळविण्याची सोय आधी करता येते.

मिथेन कोळशात पोकळ्यांत भरलेला असतो असे नव्हे. कोळशाच्या अतिसूक्ष्म छिद्रांच्या अंतर्भागाला तो भूगर्भातील दाबामुळे चिकटून राहतो व दाब उतरला की हळूहळू सुटू लागतो.

मोजणीची रीत साधी आहे, परंतु तीत चपळाई हवी. भोक पाडून थरातील कोळशाचा दंडगोल वर आणतात आणि तत्काळ हवाबंद डब्यात ठेवतात. डब्याचे तपमान थराइतके राखतात. निघणारा वायू नळीवाटे पाण्याने भरलेल्या मोजपात्रात सोडला की जितके पाणी हटले तितका वायू. हे वाचन आरंभी मिनिटांनी, मग तासांनी, पुढे दिवसांनी घेतात. कधी ते महिनोन्महिने चालते. अखेरीस कोळसा बंद चक्कीत दळून उरलेला वायूही काढतात. खरी मेख आहे ती डब्यात पडण्यापूर्वी वाटेतच उडून गेलेल्या वायूची. आरंभी सुटणारा वायू लोटलेल्या काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणजे चौपट वेळात दुप्पट. म्हणून पहिल्या वाचनांची सरळ रेषा मागे वाढवून त्याचा अंदाज बांधतात. ही पद्धत फ्रान्समध्ये १९७० च्या सुमारास मांडली गेली.

तिन्ही आकड्यांची बेरीज म्हणजे त्या कोळशातील वायू. मात्र खाणीत तेवढाच येईल असे मानणे भाबडेपणाचे होय. थर काढल्यावर छत खचते आणि वरखालचे थरही आपला वायू सोडतात. भारतीय नियमांत म्हणूनच प्रत्यक्ष खाणीचे मोजमाप आहे: काढलेल्या कोळशाच्या दर टनामागे दहा घनमीटरांहून अधिक वायू निघाला तर ती खाण तिसऱ्या, सर्वांत धोक्याच्या, श्रेणीची. झरिया क्षेत्रातील मुनिडीह त्यांपैकीच. शिवाय वर आलेला कोळसाही वायू सोडतच राहतो. झाकलेल्या कोठारात किंवा जहाजाच्या तळघरात तो हलका असल्याने छताशी जमतो.

वर्धा खोऱ्यातील, चंद्रपूर-बल्लारपूरकडील, खाणींत मिथेन बेताचाच. पण तेथला कोळसा हवा लागताच आपोआप तापू लागतो, आणि तेथे मोजायचा तो कार्बन मोनॉक्साइड. हवेतून जितका प्राणवायू घटला त्याच्या शेकडा किती हा विषारी वायू निर्माण झाला, हे प्रमाण काढतात. ते अर्ध्याच्या आत असेपर्यंत बहुधा चिंता नसते. एकाच्या पुढे कोळसा तापत असल्याची खूण, आणि तीनच्या पुढे आग लागलीच असे समजतात.