मधुमेही शेतकऱ्याची भाकरी

पोळी सोडून ज्वारीची भाकरी खाल्ली म्हणजे मधुमेह आटोक्यात राहतो, असा समज खेड्यापाड्यांतून रूढ आहे. तो अपुरा आहे. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ७० ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात व पचनानंतर त्यांची साखरच होते. टाइप २ मधुमेहात शरीर इन्शुलिनला पुरेशी दाद देत नाही. त्यामुळे ही साखर रक्तात साचते. म्हणून धान्याच्या प्रकाराइतकेच त्याचे प्रमाणही महत्त्वाचे होय.

एका वेळी तीन भाकऱ्या खाणाऱ्याने दोन घ्याव्यात व उणीव मटकीची उसळ, मेथी, काकडी यांनी भरून काढावी. प्रथिने व चोथा यांमुळे साखर सावकाश चढते. गूळही साखरच आहे, हे विसरू नये. जेवणानंतर दोन तासांनी रक्त तपासल्यास कोणते प्रमाण मानवते ते कळते.

मात्र इन्शुलिन वा साखर उतरविणाऱ्या गोळ्या चालू असता डॉक्टरांना विचारल्याविना भाकरी कमी करू नये. सुगीत श्रम वाढून जेवण लांबले म्हणजे साखर एकाएकी उतरू शकते. घाम सुटतो, हात कापतात, भोवळ येते. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून तत्काळ द्यावी. शुद्ध हरपल्यास तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा. शेतावर जाताना साखरेची पुडी जवळ बाळगणे इष्ट होय.