नाव कोणी ठेवायचे?

समाजगटांच्या नावांतला मान-अपमान कोशातल्या अर्थावरून ठरत असता, तर ‘हरिजन’ टिकला असता आणि ‘दलित’ मागे पडला असता. पहिल्याचा अर्थ देवाची माणसे, दुसऱ्याचा भरडले गेलेले. घडले नेमके उलटे.

विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली मुंबईत स्थापलेल्या मिशनच्या मराठी नावात ‘निराश्रित’ हा शब्द होता. त्यात कळकळ होती, पण आश्रय देणाऱ्याचा मोठेपणाही गृहीत होता. १९३२ मध्ये गांधीजींनी ‘हरिजन’ रूढ केला. १९३८ साली तो मुंबई विधानसभेत विधेयकात आला, तेव्हा आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सभात्याग केला. माझ्या मते मुद्दा व्युत्पत्तीचा नव्हता; नाव ठेवण्याच्या अधिकाराचा होता.

‘दलित’चे व्याकरणही पाहण्याजोगे आहे. ते भूतकालवाचक धातुसाधित आहे. भरडले गेलेले म्हटले, की भरडणारा कोण, हा प्रश्न येतोच. ‘हरिजन’ तो प्रश्न विचारूच देत नाही. १९५८चे दलित साहित्य संमेलन आणि १९७२ची दलित पँथर यांनी तर या शब्दाला ललकारीचे रूप दिले.

आज अनेकांना ‘दलित’ही नको, ‘बौद्ध’ किंवा ‘आंबेडकरी’ हवे असते. पुष्कळांना हा लहरीपणा वाटतो. मला तो त्याच अधिकाराचा पुढचा वापर वाटतो. मात्र वागणूक तीच राहिली, तर नवा शब्दही लवकरच हिणवण्यासाठी वापरला जातो. शब्द बदलून भागत नाही ते यासाठी.