सांडोरची शाळा आणि शेकड्यांचा हिशेब

दरवर्षी दहावीचा निकाल लागला म्हणजे नाक्यानाक्यावर अभिनंदनाचे फलक झळकतात, आणि अमक्या शाळेचा निकाल शेकडा शंभर, तमक्या शाळेचा शेकडा नव्वद, अशी तुलना दुकानादुकानांतून सुरू होते. शंभराची शाळा उत्तम, नव्वदाची मध्यम आणि त्याखालची टाकाऊ, असा निवाडा आमचे व्यापारी बंधू क्षणार्धात देऊन मोकळे होतात. हा निवाडा पुरावा न पाहता दिलेला आहे, एवढेच आमचे म्हणणे आहे. त्याचा दंड ज्यांस भोगावा लागतो ती मुले आपली कैफियत स्वतः मांडू शकत नाहीत. म्हणून ती मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रथम या आकड्याची किंमत पाहू. २०१८ साली राज्याचा दहावीचा निकाल शेकडा ८९.४१ होता. पुढील वर्षी भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांतील, शाळेने द्यावयाचे अंतर्गत वीस गुण बंद झाले, आणि २०१९ चा निकाल ७७.१० वर आला. ते गुण पुन्हा सुरू होताच २०२० साली तो ९५.३० वर गेला. एका वर्षात महाराष्ट्राची मुले मठ्ठ झाली आणि दुसऱ्या वर्षी अकस्मात बुद्धिमान झाली, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. शाळा त्याच, शिक्षक तेच. बदलले ते माप. माप बदलल्याने ज्याचे वजन बदलते, त्या आकड्यावरून शाळेची पत ठरविणे हे तराजू न तपासता माल घेण्यासारखे आहे.

लहान शाळेच्या बाबतीत हा अन्याय दुप्पट होतो. अडीचशे परीक्षार्थी असलेल्या शाळेत एक मूल नापास झाले तर निकाल शेकडा अर्ध्यानेही घटत नाही. पंचवीस मुलांच्या वर्गात तेच एक मूल शेकडा चार खाऊन टाकते. त्यातून बोभाटा होतो, पट घटतो, आणि शिक्षकांची मंजूर पदे पटावर अवलंबून असल्यामुळे ज्या शाळेस शिक्षकांची सर्वांत अधिक गरज, तिचेच शिक्षक कमी होतात.

आता त्या बाकांवर बसते कोण, हे पाहू. सांडोर हे वसईच्या पश्चिम पट्ट्यातील वाड्यांचे गाव. २००१ च्या जनगणनेत त्याची गणना नगर म्हणून झाली, परंतु गावपण सुटले नाही आणि शहराच्या सोयी मात्र पूर्णपणे हाती आल्या नाहीत. अशा ठिकाणची ऐपतदार घरे आपली मुले इंग्रजी माध्यमाकडे पाठवितात. मराठी शाळेत मागे राहतात ती बहुधा मजुरांची, भाडेकरूंची, आदिवासी पाड्यांतील आणि पोटासाठी परप्रांतांतून आलेल्यांची मुले. कोणाच्या घरी कादोडी, कोणाच्या घरी वाडवळी, कोणाच्या वारली, तर कोणाच्या भोजपुरी. पुस्तकातील मराठी या साऱ्यांस कमीअधिक परकीच. ती मुले बुद्धीने उणी आहेत असे मात्र नव्हे. याच किनाऱ्यावरील नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादेस अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, हे वसईकरांस आम्ही सांगावयास नको.

कायद्याची स्थिती याहून विलक्षण आहे. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे सक्तीचे शिक्षण मागितले. नामदार गोखल्यांचे १९११ चे विधेयक पुढील वर्षी फेटाळले गेले. अखेर २००२ च्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्क झाला आणि २०१० च्या १ एप्रिलपासून कायदा अमलात आला. परंतु हा हक्क सहा ते चौदा वर्षांपुरता, म्हणजे आठवीपर्यंतच. उलट बालमजुरीविरोधी कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलास धोक्याची नसलेली कामे करण्याची मुभा आहे. ज्या वाढदिवशी शाळेचा हक्क संपतो, त्याच दिवशी मजुरीची वाट मोकळी होते! गरिबाचे मूल नववीत गळते, ते या फटीतून.

आणि याच ठिकाणी शेकड्यांचा मोह आपले काम करतो. बाहेरून परीक्षेस बसणारांसाठी मंडळाने सतरा क्रमांकाचा अर्ज ठेविला आहे. नोकरी सांभाळून शिकणारांस ती मोठीच सोय आहे. परंतु निकाल खाली ओढील अशा मुलास नववीतूनच या वाटेने बाहेर काढले जाते, ही तक्रार राज्यात अनेक ठिकाणी ऐकू येते. सांडोरच्या कोणत्याही शाळेवर आम्ही हा आरोप करीत नाही. आमचा रोख या लोभास खतपाणी घालणाऱ्या आपणा सर्वांवर आहे.

कोणी म्हणेल, आकडा नको तर शाळा पारखावी कशी? आमचे उत्तर असे की, आकडा हवाच. पण पुरा हवा. समजा, एका शाळेत आठवीस चाळीस मुले आली, त्यांतील चोवीसच दहावीस बसली आणि सर्व उत्तीर्ण झाली. फलकावर शेकडा शंभर. दुसरीत चाळिसांपैकी अडतीस बसली, चौतीस उत्तीर्ण झाली. फलकावर शेकडा एकोणनव्वद. परंतु खरा हिशेब पहिलीचा साठ आणि दुसरीचा पंचाऐंशी! बुडीत खाते वगळून ताळेबंद मांडणाऱ्या मुनिमास जो शेठजी दुकानात उभा करणार नाही, त्याने शाळेचा तसला ताळेबंद का मान्य करावा?

म्हणून आमच्या सूचना तीन. प्रत्येक शाळेने निकालासोबत आठवीस किती मुले आली, दहावीस शाळेमार्फत किती बसली व बाकीची कोठे गेली, हे प्रसिद्ध करावे. घरची बोली निराळी असलेल्या मुलांस पाचवीपासूनच भाषेचा जादा तास मिळावा. आणि सरकारने शिक्षणाचा हक्क दहावीपर्यंत वाढवावा. तोवर वसईच्या व्यापाऱ्यांनी फलकांवरील खर्चातून संध्याकाळची एक अभ्यासिका चालवावी, आणि शाळेच्या वेळेत चौदा-पंधरा वर्षांच्या पोरास गल्ल्याशेजारी उभे करू नये. ही शेवटची गोष्ट करण्यास कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.