उरलेल्या गोळ्यांचा हिशेब

संपादकांनी एचआयव्हीच्या नव्या औषधांवर लिहायला सांगितलं होतं. पण ठाणे जिल्ह्यातल्या एका एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रात नजर खिळली ती समुपदेशक ताईंच्या टेबलावर. रुग्ण पिशवीतून डबी काढतो आणि ताई उरलेल्या गोळ्या मोजतात.

हिशेब साधा आहे. 30 गोळ्या दिल्या आणि रुग्ण 28 दिवसांचे डोस झाल्यावर आला, तर 2 उरायला हव्यात. 5 उरल्या तर 3 डोस चुकले. 28 पैकी 25, म्हणजे 89 टक्के. अपेक्षा 95 च्या वरची. डोस चुकत गेले की विषाणू पुन्हा वाढतो आणि औषधाला न जुमानणारा विषाणू शिरजोर होतो.

देशात मोफत एआरटी 1 एप्रिल 2004 रोजी सुरू झाली. मुंबईचं जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी एक. तेव्हा दिवसातून दोनदा गोळ्या घ्याव्या लागत. आता टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रेव्हिर अशी तिन्ही औषधं बहुतेकांना एकाच गोळीत मिळतात, दिवसातून एकदा.

ताईंचं खरं कसब मोजून झाल्यावर दिसतं. गोळी का चुकवली, असं त्या विचारत नाहीत. कोणत्या दिवशी जमलं नाही, त्या दिवशी घरी कोण होतं, एवढंच विचारतात. रागावलं तर पुढच्या खेपेला रुग्ण उरलेल्या गोळ्या फेकून येतो आणि कागदावर 100 टक्के भरतात. ती लबाडी उघडी पडते थेट व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाच्या तपासणीत, आणि ही तपासणी स्थिर रुग्णाची वर्षातून एकदाच होते.

घरी कोण होतं, या प्रश्नातच बहुतेक उत्तरं असतात. एचआयव्हीग्रस्तांशी भेदभाव करायला मनाई करणारा 2017 चा कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. पण विठ्ठलवाडीतल्या एका खोलीच्या संसारात सासूच्या नजरेआड डबी ठेवायची कुठे? जवळच्या केंद्रात शेजारी दिसेल म्हणून कुणी लोकलने लांबचं केंद्र गाठतो. त्यात रोजंदारी बुडते. पुढची तारीख टळते ती अशीच, औषधाला कंटाळून नव्हे.

शिवाय चूक दर वेळी रुग्णाचीच नसते. 2022 च्या पावसाळ्यात, गोळ्या पुरेशा मिळत नाहीत म्हणून रुग्णांनी दिल्लीत नाकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) कार्यालयात महिनाभराहून अधिक काळ धरणं धरलं होतं. रुग्णाने चुकवलेल्या डोसांची टक्केवारी त्याच्या कार्डावर चढते. केंद्राकडेच गोळ्या नव्हत्या ते दिवसही त्याच कार्डावर, वेगळ्या रकान्यात लिहिले जायला हवेत.