मासा घाबरायचे विसरला तर?

अंबरनाथचे इ.स. १०६० चे शिवमंदिर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्याच्या काठची वालधुनी पुढे उल्हासनगरातून वाहत कल्याणच्या खाडीकडे जाते. सांडपाण्याने तिची पार गटार झाली. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस कोणीतरी टँकरमधले रसायन तिच्यात सोडले, आणि उल्हासनगरातील शेकडो माणसांना श्वास घेता येईना म्हणून दवाखाना गाठावा लागला. शेजारी बदलापूरची उल्हास नदी मात्र आजही लाखोंची तहान भागवते.

माणसे दवाखान्यात गेली. मासा कुठे जाणार? मासे मरून वर आले की चार लोक ओरडतात. पण विष थोडे असले तर मासा मरत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे.

बगळा झेपावला की माशाच्या मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून हुकूम सुटतो. डोक्याजवळच्या मूत्रपिंडातील खास पेशी तो ऐकून कॉर्टिसॉल हे संप्रेरक तयार करतात. त्याने अंगातली साठवलेली शक्ती मोकळी होते. अडीअडचणीचे राखीव भांडवलच म्हणा ना!

कॅनडातील शास्त्रज्ञांनी ट्राउट माशाच्या याच पेशी काढून त्यांच्यावर चार औषधे तपासली. २००२ साली निष्कर्ष छापून आले. एंडोसल्फान सर्वांत घातक ठरले. पेशी मरण्याआधीच कॉर्टिसॉल घटले. त्याखालोखाल मँकोझेब आणि डायझिनॉन. आपल्या उसातल्या अॅट्राझिनचा मात्र परिणाम दिसला नाही. पण म्हणून ते निर्धोक समजू नका; तपासणी एकाच कामाची होती. असा मासा वरून धडधाकट दिसतो, पण संकट आले की हातपाय गाळतो.

एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली. बाकीचे आपल्या हातात आहे. फवारणीचा पंप ओढ्यात, कालव्यात धुऊ नका. रिकामा डबा तीनदा खळखळून ते पाणी पंपातच ओता. डबा घरात पाण्याला वापरू नका. माप डब्यावर लिहिले तेवढेच घ्या, आणि पाऊस येणार असेल तर फवारणी पुढे ढकला.

वालधुनीकाठच्या लोकांना नावे ठेवणे सोपे आहे. त्याआधी आपण आपल्याच ओढ्यात डोकावू. तिथे मासा अजून पावलांच्या आवाजाने पळतो ना, एवढे तरी पाहू या.